‘गोळी झाडली नाही, मग साफ कशाला?’: मुंबईत हे चालत नाही

परवाना हातात पडून पहिलं पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर घरी आणणाऱ्यांसाठी म्हणून एक मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. त्यात सहा दावे आहेत. नवं हत्यार कारखान्यातून तेल लावूनच येतं, त्याला हात लावू नका. गोळी झाडली नसेल तर साफ करू नका, उलट साफसफाईनेच नळी झिजते. ठेवायचं तर चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालून कपाटात. तेल कुठलंही चालतं, खोबरेलसुद्धा, आणि डब्ल्यूडी-४० हा स्प्रे असेल तर प्रश्नच मिटला. वर्षातून एक गोळी हवेत झाडली की नळी आपोआप साफ होते. आणि साफ करायला बसण्यापूर्वी मॅगझिन, म्हणजे काडतुसं भरायची सुटी पेटी, काढलं की पिस्तूल रिकामं झालं.

मी मुंबईत रेंजवर नेमबाजी करतो आणि नव्याने येणाऱ्यांना हत्यार उघडायला, पुसायला शिकवतो. हा मजकूर मनावर घेतलेली माणसं आता समोर येऊ लागली आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो. सुरुवात शेवटच्या दाव्यापासून करतो, कारण बाकीच्या बहुतेकांनी हत्यार बिघडतं, याने माणूस जातो.

मॅगझिन काढल्याने पिस्तूल रिकामं होत नाही. मॅगझिनमधलं एक काडतूस आधीच वर चढून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या घरात, बसलेलं असू शकतं, आणि मॅगझिन काढलं तरी ते तिथेच राहतं. चाप ओढला की सुटतं. काही पिस्तुलांमध्ये मॅगझिन नसताना चाप चालू नये अशी सोय असते, पण आपल्यात ती आहे आणि आज ती नीट काम करतेय यावर कुणी जीव टांगू नये. काही पिस्तुलं तर उघडण्यासाठी चाप दाबावाच लागतो. साफसफाईच्या टेबलावर गोळी सुटते ती या क्षणी.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढायची. हे उलटं केलं तर काय होतं बघा. मॅगझिन आत असताना स्लाइड ओढली की चेंबरमधलं काडतूस बाहेर उडतं, ते टेबलावर पडलेलं दिसतं आणि आपल्याला हायसं वाटतं. स्लाइड पुढे जाताना मात्र मॅगझिनमधलं पुढचं काडतूस चेंबरमध्ये ढकलून जाते. मग मॅगझिन काढलं जातं आणि भरलेलं पिस्तूल रिकामं समजून हातात घेतलं जातं. म्हणून मॅगझिन काढा, स्लाइड दोन-तीनदा ओढा, मागे अडकवून ठेवा, उजेडात चेंबर बघा आणि करंगळीचं टोक आत घालून चाचपा. डोळ्यांनी एकदा, बोटाने एकदा. तोपर्यंत नळीचं तोंड अशा दिशेला हवं जिथे कुणी नाही आणि भिंतीपलीकडेही कुणी नाही. आपल्या चाळींत आणि फ्लॅटांत ही दिशा शोधावी लागते, ती आधी ठरवून ठेवा.

रिव्हॉल्वरवाल्यांनी हे आपल्यासाठी नाही असं समजू नये. कानपूरच्या कारखान्यातलं .३२ रिव्हॉल्वर मधून मोडून उघडतं. खटका दाबून नळी खाली झुकवली की मागची चांदणीसारखी चकती काडतुसांना वर उचलते. हळूहळू, बिचकत उघडलं तर एखादं काडतूस त्या चकतीखाली सरकून तिथेच राहतं. रिव्हॉल्वरचं तोंड वर करून ते ठामपणे पूर्ण उघडा आणि बाहेर पडलेली काडतुसं मोजा. सिलिंडरमध्ये, म्हणजे काडतुसांच्या फिरत्या नळकांड्यात, घरं सहा आहेत, तर सहाही घरांतून पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. मग सगळी काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून या. ज्या टेबलावर हत्यार उघडलंय तिथे एकही जिवंत काडतूस नको.

१ ऑक्टोबर २०२४ला पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या जुहूच्या घरी त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरमधून गोळी सुटून त्यांच्या पायाला लागली. कपाटात ठेवताना ते हातातून निसटलं, असं तेव्हा सांगण्यात आलं. साफसफाई, ठेवणं, काढणं, प्रवासाला निघताना जागा बदलणं, अशा साध्या हाताळणीतच भरलेलं हत्यार घात करतं.

आता ‘गोळी झाडली नाही तर साफ करू नका’. राजस्थानातल्या कोरड्या गावात हे एक वेळ खपून जाईल. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता दिवसच्या दिवस ऐंशी टक्क्यांच्या वर असते, आणि समुद्रावरून येणाऱ्या हवेत मीठ असतं. मीठ ओलावा ओढून धरतं आणि त्या ओलाव्यात पोलाद भराभर गंजतं. पिस्तुलाचा तो सुंदर निळसर काळा रंग म्हणजे पोलादाचाच एक पातळ ऑक्साइडचा थर असतो. तो एकटा गंज थोपवत नाही. त्याचा उपयोग एवढाच की तो तेल धरून ठेवतो, आणि तेल उडालं की त्याच्या हाती काही राहत नाही. स्टेनलेस घेतलं म्हणून निर्धास्त होणाऱ्यांनाही सांगतो, खाऱ्या हवेत आणि घामात स्टेनलेसलाही बारीक खड्डे पडतात.

एकही गोळी न झाडलेलं पिस्तूल पावसाळ्यानंतर उघडलं तर गंज कुठे सापडतो तेही सांगतो. नळीत क्वचित. मुठीच्या दोन्ही पट्ट्या खोलल्या की त्यांच्याखाली, जिथे हाताचा घाम झिरपलेला असतो. स्क्रूच्या डोक्यांच्या खाचेत. मॅगझिनच्या तळाशी, स्प्रिंगच्या शेवटच्या वेढ्यावर. आणि स्लाइडच्या बाजूला अंगठ्याचा ठसा, रेषान् रेषा मोजता येईल असा, तांबूस गंजात उमटलेला. घरी आलेल्या पाहुण्याने कौतुकाने हातात घेऊन बघितलं, परत दिलं, कुणी पुसलं नाही, एवढ्यानेही ते होतं. त्यामुळे हत्यार हाताळल्यावर, गोळी झाडलेली असो वा नसो, तेलाच्या फडक्याने बाहेरून पुसूनच ठेवायचं.

एसीचंही एक आहे. एसी लावलेल्या बेडरूममधून किंवा गाडीतून थंडगार पोलाद पावसाळी हवेत काढलं की त्यावर लगेच दव धरतं. चष्म्यावर धरलेलं दिसतं, पिस्तुलाच्या आत धरलेलं दिसत नाही. रेंजवर पोचल्यावर पेटी दहा-पंधरा मिनिटं बंदच ठेवावी, हत्यार बाहेरच्या हवेइतकं कोमट झालं की उघडावी.

माझा हिशेब असा आहे. जून ते सप्टेंबर दर आठ-पंधरा दिवसांनी बाहेर काढून बघायचं आणि पुसायचं, एरवी महिन्यातून एकदा. रेंजवर वापरलं तर त्याच दिवशी.

साफसफाईने नळी झिजते का? या दाव्यात अर्धं तथ्य आहे, आणि ते अर्धं लोक सोयीस्करपणे गाळतात. नळीचं नुकसान होतं ते चुकीच्या साफसफाईने. उघडी पोलादी सळई तोंडाकडून घालून खरखर घासली की तोंडाची कड दुखावते, आणि गोळी नळीला शेवटचा स्पर्श करते तो त्याच कडेला. नेम बिघडायला तेवढं पुरतं. बहुतेक पिस्तुलांची नळी वेगळी निघते, तेव्हा सळई चेंबरच्या बाजूनेच घाला. रिव्हॉल्वरमध्ये बहुतेक वेळा तोंडाकडूनच घालावी लागते, तिथे सळई बोटांच्या चिमटीत मधोमध धरून कडेला न टेकवता न्यायची. ब्रश ब्राँझचा असावा, तो पोलादापेक्षा मऊ असतो. तो आरपार बाहेर काढल्याशिवाय मागे ओढू नका. एवढं सांभाळलं तर झिजेची भीती नाही.

एनसीसीत किंवा पोलिसांत दिवस काढलेल्यांना पुलथ्रू (नळीतून ओढायची दोरी) आणि चिंदी (तिला लावायचा कापडाचा तुकडा) हे शब्द पाठ असतील. तीच पद्धत इथेही, फक्त चिंदी छोटी. पहिली चिंदी सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे काजळी सोडवणाऱ्या द्रावणात, भिजवून ओढायची, मग दहा मिनिटं थांबायचं. बहुतेक जण इथेच घाई करतात. काजळी सुटायला वेळ लागतो. नंतर ब्रश, मग कोरड्या चिंध्या. पहिली काळी येते, दुसरी करडी, पुढची फिकट. चिंदी जवळजवळ कोरी आली की शेवटची तेलाचा हलका हात दिलेली. शिशाच्या गोळ्या वापरत असाल तर नळी उजेडासमोर धरून आतल्या पिळदार खाचांच्या सुरुवातीला बघा. राखाडी, चमकत्या रेघा दिसल्या तर ते शिसं आहे, आणि ते एका चिंदीत जात नाही. रिव्हॉल्वरमध्ये त्या चांदणीच्या चकतीखाली टूथब्रश फिरवायला विसरू नका. दारूचे न जळलेले दोन-चार कण तिथे बसले तरी सिलिंडर अडकतं.

हे सगळं किचनच्या ओट्यावर करू नका. खाली वर्तमानपत्र, खिडकी उघडी, मुलं दुसऱ्या खोलीत. काजळीत शिसं असतं. काम झालं की वर्तमानपत्र आणि चिंध्या पिशवीत बांधून टाका, हात गार पाण्याने आणि साबणाने धुवा आणि मगच चहाला हात लावा.

चामड्याच्या होल्स्टरबद्दल. होल्स्टर अंगावर बाळगण्यासाठी असतं, साठवणीसाठी नाही. चामडं हवेतला ओलावा शोषतं, त्यात कमावताना वापरलेली रसायनंही उरलेली असतात, आणि ते पोलादाला चिकटून बसतं. पावसाळ्यात कपाटातल्या चपला-पट्ट्यांवर बुरशी येते हे प्रत्येक मुंबईकराने पाहिलंय, त्याच कपाटात त्याच चामड्यात पिस्तूल ठेवायचं नसतं. पेटीतला स्पंजही तसाच ओल धरतो. हलकं तेल लावलेलं हत्यार, कुलूपबंद लोखंडी तिजोरी आणि आत सिलिका जेलची पुडी, एवढं पुरतं. रंग बदलणारं सिलिका जेल घ्या, म्हणजे ओलावा भरल्याचं कळतं. मग ते ओव्हनमध्ये मंद आचेवर सुकवून पुन्हा वापरता येतं. काडतुसं वेगळ्या कुलपात.

खंडेनवमीला आणि दसऱ्याला शस्त्रपूजा होते, माझ्याही घरी होते. पण ओलं हळदकुंकू, पाणी शिंपडलेली फुलं आणि अक्षता थेट स्लाइडवर ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत राहू दिल्या तर तिथे डाग पडणारच. पाटावर हत्यार ठेवायच्या आधी ते रिकामं आहे हे तपासा, गंध-फूल पाटाला किंवा पेटीला वाहा, आणि हत्याराला लागलंच तर त्याच संध्याकाळी पुसून तेलाचा हात द्या. पूजेत काही उणं राहत नाही.

तेलाचा मुद्दा लवकर संपतो. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. जानेवारीतली रात्र किंवा एसीची खोली, दोन्हीकडे ते पिस्तुलाच्या आत गोठून बसेल आणि स्प्रिंग-खटके जड होतील. जवसासारखी तेलं तर हवेत सुकून चिकट थर धरतात. खाण्याचं किंवा डोक्याला लावायचं कुठलंच तेल नको. शिलाई मशीनचं पातळ तेल अडीअडचणीला चालतं, पण गंजापासून ते फार दिवस राखत नाही, तेव्हा बंदुकीसाठीचं तेल घ्यावं. डब्ल्यूडी-४० वाईट नाही. भिजलेल्या हत्यारातलं पाणी हटवायला ते उत्तम आहे. पण मागे राहणारा थर इतका पातळ असतो की आपल्या चार महिन्यांच्या पावसाळ्यात त्यावर विसंबता येत नाही. आणि कुठलाही स्प्रे काडतुसांवर जाऊ देऊ नका, तेल आत शिरलं तर ऐन वेळी काडतूस फुटणार नाही. तेल थेंबात मोजायचं. निथळणाऱ्या तेलात धूळ बसते आणि त्याचा चिखल होतो.

हवेत गोळी झाडून नळी साफ होते, हे वाचून मला खरोखर राग आला. प्रत्येक गोळी मागे काजळी आणि धातू ठेवून जाते, म्हणजे झाडून नळी घाण होते. आणि वर गेलेली गोळी या शहरात कुणाच्या तरी गच्चीवर, कुणाच्या तरी अंगावर खाली येते. शस्त्र अधिनियमात २०१९च्या दुरुस्तीने दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असा बेदरकार किंवा आनंदोत्सवातला गोळीबार हा स्वतंत्र गुन्हा झाला. दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हत्यार चालतं की नाही हे बघायचं असेल तर रेंजवर या.

‘कारखान्यातून तेल लावूनच येतं’ हे खरं आहे, पण ते तेल साठवणीचं असतं, जाड आणि चिकट. ईशापूरचं अशनी पिस्तूल असो की कानपूरचं रिव्हॉल्वर, पहिल्या गोळीआधी ते पुसून काढायचं, नळी आतून कोरडी करायची आणि हलत्या भागांना हलकं तेल द्यायचं. साठवणीचं ग्रीस नळीत असताना गोळी झाडू नका.

त्या मजकुरात नसलेली, पण हे दावे मानणारी मंडळी हमखास विचारतात ती एक गोष्ट: गंज धरलेली स्प्रिंग घरी बदलू का, चाप हलका करून घेऊ का? साफ करणं तुमचं काम आहे. दुरुस्ती नाही. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ५ प्रमाणे धंदा म्हणून हत्यार दुरुस्त करायलाही परवाना लागतो, तेव्हा गल्लीतल्या लेथवाल्याकडे तर मुळीच जाऊ नका. परवानाधारक विक्रेत्याकडे न्या, सोबत आपला परवाना ठेवा आणि पावती घ्या. निवडणुकीच्या काळात हत्यार पोलीस ठाण्यात जमा करण्याची नोटीस आली तर देण्याच्या आदल्या दिवशी ते नीट साफ करून नेहमीपेक्षा थोडं जास्त तेल लावून द्या, कारण पुढचे कित्येक आठवडे ते कुणी पुसणार नाही. परत मिळालं की आधी रिकामं आहे का बघा, मग मुठीच्या पट्ट्या खोलून खाली बघा.