दारावरची ठकठक म्हणे ‘आयएमपी’ नाही!

आज डोकं फिरलंय. लांबलचक लिहिणार आहे, ज्यांना वेळ नाही त्यांनी सरळ पुढे सरका.

भाचीची परीक्षा दहा दिवसांवर आलीय. अभ्यासाला शेक्सपिअरचं ‘मॅकबेथ’, बायकोच्या साथीने राजाचा खून करणाऱ्या सरदाराचं नाटक. क्लासवाल्यांनी आज पीडीएफ धाडली, ‘हमखास येणारे प्रवेश’. प्रत्येकापुढे चांदण्या. खंजिराच्या स्वगताला तीन, मेजवानीतल्या भुताला तीन, झोपेत चालणाऱ्या लेडी मॅकबेथला तीन. आणि दुसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशापुढे शेरा: ‘द्वारपालाचा भाग विनोदी आहे, सोडावा. मॅकडफ आल्यापासून वाचा.’ मॅकडफ म्हणजे खुनानंतर पहाटे दार ठोठावत येणारा सरदार.

सोडावा??

मी शाळेत होते तेव्हा बाईंनी हा भाग वर्गातच करायला लावला होता. मला आवाज नव्हता, पाठांतर त्याहून नव्हतं, म्हणून माझ्याकडे काम आलं दार वाजवायचं. वर्गाच्या दाराबाहेर लाकडी डस्टर घेऊन उभी. बाईंनी एवढंच बजावलं होतं, “घाई करायची नाही. दोन ठोके, मग थांब. आत शांतता झाली की परत.”

भाचीला विचारलं, “राजाचा खून कुठे होतो गं?” पोपटासारखं उत्तर आलं, “अंक दोन, प्रवेश दोन.” अगं, दिसतो का तो? शेक्सपिअरने खून रंगमंचावर आणलेलाच नाही. मॅकबेथ आत जातो, आपण बाहेर त्याच्या बायकोबरोबर कान देऊन उभे असतो, घुबड ओरडतं, आणि तो रक्ताळलेले हात घेऊन बाहेर येतो. खंजीरसुद्धा तिथे ठेवायचे विसरून हातातच घेऊन आलाय! ते परत ठेवायला ती जाते आणि तेवढ्यात दार वाजतं. सगळं ऐकण्यावर उभं आहे हो. आणि हे पोरांना ‘मुद्दा क्र. ४: अपराधी भावना’ म्हणून शिकवायचं.

त्या दिवशी मॅकबेथ झालेला मुलगा वर्गातला नंबर एकचा टवाळ. तळहाताला लाल शाई फासून आला होता आणि सारखा फिदीफिदी हसत होता. मी दोन ठोके दिले. आत अजून खुसखुस. थांबले. परत दोन. तिसऱ्या वेळी आतून काहीच आवाज येईना. फटीतून पाहिलं तर तो आपल्या हातांकडे बघत उभा, वाक्यच विसरलेला. शाई मनगटापर्यंत ओघळली होती.

बरं, मान्य. शिकवणाऱ्यांना पोर्शन संपवायचा असतो, वर्गात साठ पोरं असतात, यादी केल्याशिवाय निभत नाही. मीही आयएमपी बघूनच पास झालेय. पण यादी करणाऱ्याने नाटक एकदा तरी मोठ्याने वाचावं की नाही?

तो द्वारपाल आधीच्या रात्रीची दारू न उतरलेला, स्वतःला नरकाचा दरवान समजून एकेक पापी आत घेतो. बाहेर ठोके चालूच. तो दार उघडत नाही, उघडत नाही. आत नवरा-बायकोला हात धुऊन झोपेचे कपडे चढवायला तेवढाच वेळ मिळतो. हसू येतं आणि हसताना पोटात गोळा येतो, कारण दार उघडल्यावर काय होणार हे फक्त आपल्याला माहीत असतं. थॉमस डी क्विन्सी या इंग्रज लेखकाने १८२३ मध्ये नुसत्या या ठकठकीवर निबंध लिहिलाय. नुसत्या ठकठकीवर! आणि इथे शेरा, सोडावा.

परीक्षेत मला नेमका ‘खुनानंतर मॅकबेथची मनःस्थिती’ आला होता. मी ते हात लिहिले, ठोक्यांमधली शांतता लिहिली. पाचातले दोन गुण. शेजारी लाल पेनाने ‘मुद्दे कमी’. त्या बाई तोवर बदलून गेल्या होत्या. असो. इतक्या वर्षांनी राग काढायचा नाही असं ठरवलं होतं, निघालाच.

हे सगळं भाचीला ऐकवलं. तिने मान डोलावली, “मावशी, प्लीज, मला पाचवा अंक करू दे,” म्हणाली आणि इअरफोन घातले. बरोबरच आहे म्हणा, पेपर तिला लिहायचाय, मला नाही. मी गप्प बसले.

आत्ता तासाभराने बाहेर आली. तीन चांदण्यांचा प्रवेश चालू होता, झोपेत हात चोळणारी ती बाई. म्हणाली, “मावशी, ही शेवटी म्हणते दार वाजतंय, झोपायला चल. पण इथे तर कुणीच दार वाजवत नाहीये. हिला कुठलं दार ऐकू येतंय?”

मी टेबलावर दोनदा ठोकलं. थांबले. परत दोनदा.

तिने घाईघाईने पीडीएफ मागे सरकवली. “ते यात नाहीये गं.”

मूळ पुस्तक शोधतेय आता. दप्तरात नाही, कपाटात नाही. पलंगाखाली टॉर्च मारून बघणं चालू आहे.