पूर्वजांची गुलामी सांगणारा सण

मराठी बायबलात ज्याला वल्हांडण म्हटले आहे, तो ज्यूंचा पेसाह, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून पूर्वजांची सुटका झाल्याचा सण, मला विलक्षण वाटतो, पण ते त्यातल्या चमत्कारांमुळे नव्हे. सुटून निघालेल्यांसाठी समुद्र दुभंगला की नाही यावर ज्याला वाद घालायचा त्याने घालावा. लाखो लोक इजिप्तमधून एकदम बाहेर पडल्याचा पुरातत्त्वीय पुरावा सापडलेला नाही, आणि मेंढपाळांचा कोकराचा बळी व शेतकऱ्यांची बिनखमिराची भाकरी हे वसंतातले दोन जुने विधी पुढे मुक्तीच्या कथेत गुंफले गेले, असे अनेक संशोधक मानतात. मला मोलाचे वाटते ते हे, की या समाजाने जपण्यासाठी पूर्वजांची गुलामी निवडली. आपल्याकडे घराण्याचा मूळ पुरुष सरदार तरी असतो नाहीतर ऋषी तरी. ‘आमचे पूर्वज विटा पाडणारे वेठबिगार होते’ असे ऐन सणाच्या पंगतीत सांगणारे घर माझ्या तरी पाहण्यात नाही.

इ. स. 70 मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर पाडले, तेव्हा बळी देण्याची जागाच संपली आणि सण घरातल्या जेवणावर आला. त्या जेवणाला ‘सेदेर’ म्हणतात. घरातले सर्वांत लहान मूल विचारते, की आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का, आणि उत्तराची सुरुवात होते ती ‘आम्ही मिसरात फारोचे गुलाम होतो’ या वाक्याने; मिसर म्हणजे इजिप्त आणि फारो तिथला राजा. कडू पाला खातात, मिठाचे पाणी अश्रूंसाठी असते. गुलामांना सोडावे म्हणून देवाने मिसरवर आणलेल्या दहा आपत्तींची नावे घेताना प्रत्येक नावाला पेल्यातल्या द्राक्षरसाचा एक थेंब बाहेर काढतात. शत्रूच्या यातनांनी आपला आनंद तेवढा उणा झाला, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. आणखी नवल म्हणजे, या रात्री वाचल्या जाणाऱ्या ‘हगादा’ पोथीत गुलामांना मिसरातून बाहेर नेणाऱ्या खुद्द मोशेचे नाव एखाद्या अवतरणात, ओझरतेच येते. पुढाऱ्याला इतके बाजूला ठेवणे आपल्याला कितपत जमले असते, कोण जाणे.

कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजासाठी ही पोथी मराठीतही छापली गेली. पुण्याच्या 1874 च्या आवृत्तीतील एका चित्रात साडी नेसलेल्या बायका सणाची बिनखमिराची भाकरी करताना दिसतात.

मात्र याच पोथीत ‘तुला न ओळखणाऱ्या राष्ट्रांवर आपला कोप ओत’ अशी प्रार्थनाही आहे. युरोपातील छळाच्या मध्ययुगीन काळात ती या विधीत आली. काही घरांत आज ती गाळतात, काही घरांत आवर्जून म्हणतात; माझ्या मते ती पोथीत राहावी आणि मुलांनी तिच्याविषयीही प्रश्न विचारावेत.