‘दुसऱ्या’तला र

रविवारी काकांचा फोन येतो तेव्हा इथे जर्मनीतल्या कीलमध्ये नीट उजाडलेलंही नसतं. काका जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागातून निवृत्त झाले, पण खात्याच्या बातम्यांतून निवृत्त झाले नाहीत. २०२५च्या ऑक्टोबरात फोन उचलताच त्यांनी सुरुवात केली, “अगं, केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने झोहोचं, म्हणजे आपल्या भारतीय कंपनीचं, ऑफिस वापरायचा आदेश काढलाय. आता सगळं स्वदेशी होणार बघ!”

त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई जिन्यात भेटल्या. त्या इथल्या राज्य सरकारच्या कचेरीत आहेत. श्लेस्विग-होल्श्टाइन या आमच्या राज्याने २०२४च्या एप्रिलमध्ये ठरवलं, की सरकारातले सुमारे तीस हजार संगणक मायक्रोसॉफ्ट ऑफिस सोडून लिबरऑफिस या मुक्त सॉफ्टवेअरवर न्यायचे. पुढे ईमेलचीही पाळी आली. चाळीस हजारांहून जास्त मेलपेट्या ओपन-एक्सचेंज आणि थंडरबर्ड या मुक्त मेल-प्रणालींवर हलवण्याचं काम त्याच ऑक्टोबरात संपल्याचं सरकारने जाहीर केलं. बाईंचं म्हणणं एवढंच, की बैठकीचं आमंत्रण पाठवायचं बटण सापडत नाही आणि जुन्या पत्रांच्या नमुन्यांतली कोष्टकं हलली आहेत. काकांच्या जुन्या कचेरीतले लोकही नव्या कुठल्याही प्रणालीबद्दल नेमकं हेच बोलत असत. बटण हरवल्याचं दुःख सगळीकडे सारखंच.

तर एकाच महिन्यात माझी दोन्ही घरं एकाच कंपनीपासून दूर व्हायला निघाली होती. कारणही जवळपास एकच. २०२५च्या जुलैत युरोपीय संघाने नायरा एनर्जीवर निर्बंध घातले. गुजरातेत वाडीनारचा तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या या कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टचा मोठा हिस्सा आहे. निर्बंध लागल्यावर मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांतच सेवा पुन्हा सुरू झाल्या. निर्णय ब्रसेल्सचा, कंपनी अमेरिकेची आणि मेल बंद पडलं ते भारतातल्या कर्मचाऱ्यांचं. इथल्या लोकांना तीच धास्ती वॉशिंग्टनची वाटते. वर्षभर इथले राजकारणी ‘डिजिटल सार्वभौमत्व’ हा शब्द जपासारखा म्हणताहेत.

काकांना मी विचारलं, “स्वदेशी ठीक आहे, पण मुक्त आहे का?”

“म्हणजे फुकट का?”

इथे मला आपल्या भाषेचा अभिमानही वाटतो आणि तिची कीवही येते. इंग्रजीत ‘फ्री’ हा एकच शब्द असल्याने मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांना १९८०च्या दशकापासून आजवर समजावत बसावं लागलं आहे, की मी किमतीबद्दल नाही, स्वातंत्र्याबद्दल बोलतोय. आपल्याकडे ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ असे दोन स्वच्छ शब्द आयते आहेत. तरी आपण गोंधळ घालतोच, आणि वर ‘स्वदेशी’ हा तिसरा शब्द त्यात ढवळतो. झोहोबद्दल माझी तक्रार नाही. चांगलं काम करणारी कंपनी आहे. पण त्यांच्या ऑफिसचा कोड तुम्हाला-मला बघायला मिळत नाही, बदलता येत नाही, दुसऱ्या कोणाकडून चालवून घेता येत नाही. आज मालक आपला आहे ही चांगलीच गोष्ट. उद्या तो बदलला, किंमत बदलली, धोरण बदललं, तर आपण आज जिथे आहोत तिथेच पुन्हा उभे.

लायसन्स हा प्रकार मी पहिल्यांदा वाचला तो इथल्या राउटरच्या खोक्यात. मी प्रोग्रामर नाही, मोजमापाची उपकरणं तपासणारी बाई आहे. खोक्यात एक पातळ पुस्तिका होती आणि तिच्यात जनरल पब्लिक लायसन्सचा अख्खा मजकूर बारीक टायपात. आत लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली होती, म्हणून. या लायसन्सची पहिली आवृत्ती १९८९ची, लिनक्सला लागू असलेली दुसरी १९९१ची. त्याचं म्हणणं सरळ आहे: हा प्रोग्राम कशासाठीही वापरा, वाचा, बदला, वाटा; मात्र बदललेला वाटणार असाल, तर तोही याच अटींवर आणि कोडसकट. एमआयटी, अपाचे यांसारखी लायसन्सं ही शेवटची अट घालत नाहीत. तिथे तुम्ही कोड घेऊन बंद पेटीत घातलात तरी चालतं. या एका अटीवरून जगभर किती भांडणं झाली असतील, त्याची गणती नाही. ही अट म्हणजे नुसता कागदी वाघ आहे, असं म्हणणारे पुष्कळ होते. २००४ साली म्युनिकच्या न्यायालयाने ती न पाळणाऱ्या एका कंपनीविरुद्ध मनाई हुकूम दिला आणि वाघाला दात आहेत हे दिसलं. ती केसही राउटरसारख्या घरगुती उपकरणाचीच होती. आणखी एक गोष्ट मला इथे येऊनच कळली: इंटरनेट देणाऱ्या कंपनीने तिचाच राउटर तुमच्या गळ्यात मारायचा नाही, असा कायदा जर्मनीत १ ऑगस्ट २०१६पासून आहे. माझा राउटर मी दुकानातून आणला. तो बिघडतो, हा भाग वेगळा.

जर्मनीबद्दल मात्र गैरसमज नको. आपल्याकडच्या चर्चेत कोणीतरी हमखास म्हणतं, “जर्मनीत बघा!” बघायचंच तर म्युनिक बघा. त्या महापालिकेने २००३ साली लिनक्सवर जायचं ठरवलं. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर स्वतः महापौरांची समजूत घालायला येऊन गेले, तरी पालिका बधली नाही. दहा वर्षं खपून सुमारे पंधरा हजार संगणक बदलले. आणि २०१७मध्ये त्याच पालिकेने विंडोजवर परत जायचा ठराव केला. लिनक्स चालत नव्हतं म्हणून की नव्या महापौरांना नको होतं म्हणून, यावर इथे दोन माणसं भेटली तर तीन मतं मिळतात. माझ्या मते बिघाड कोडमध्ये कमी आणि कचेरीच्या कारभारात जास्त होता. शेजारीणबाईंचं कोष्टक हललं तेव्हा त्यांच्या मदतीला कोण येतं, किती वेळात येतं, यावर असे प्रयोग जगतात किंवा मरतात. लायसन्स कितीही उदार असलं, तरी ते फोन उचलत नाही.

आणि भारतात काहीच झालं नाही, हेही खोटं. केंद्र सरकारने २०१५ सालीच धोरण काढलं, की ई-प्रशासनाच्या सगळ्या प्रणालींत मुक्त स्रोताला प्राधान्य द्यावं. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवरच शिकली आहेत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या टंकनिर्मात्यांचा ‘मुक्त’ हा देवनागरी फॉन्ट कोणीही वापरावा, बदलावा अशा ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे. धोरण तर आपल्याकडे श्लेस्विग-होल्श्टाइनच्याही आधी होतं. पण त्यात अपवादाच्या वाटाही होत्या, आणि अपवादाची वाट दिसली की आपली कचेरी तिचा हमरस्ता करते. (हे वाक्य काकांचं. त्यांनी छत्तीस वर्षं काढली आहेत तिथे.)

फरक मला दिसतो तो क्रमाचा. कोरोनाच्या काळात दोन्ही देशांनी संपर्क शोधणारी अ‍ॅपं काढली. आरोग्य सेतू २ एप्रिल २०२०ला आलं आणि कोट्यवधी लोकांनी घेतलं; त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीचा कोड खुला झाला २६ मे रोजी, तोही बरीच ओरड झाल्यावर. जर्मनीचं अ‍ॅप १६ जूनला आलं, म्हणजे चांगलं अडीच महिने उशिरा. पण त्याचा कोड अ‍ॅपच्या आधीच लोकांसमोर होता आणि लोक त्यातल्या चुका काढत बसले होते. साथीच्या दिवसांत अडीच महिने म्हणजे काय, हे मला सांगायला नको. तेव्हा मी काकांच्या बाजूने भांडले होते, की आमचं निदान आलं तरी! आज तेवढी खात्री वाटत नाही, पण पूर्ण उलटही म्हणवत नाही.

आपल्याकडे मुक्त सॉफ्टवेअरचा खरा शत्रू कोणी अमेरिकन कंपनी नाही. तो होता ‘टाकून देणारा’ मुलगा. माझ्या कॉलेजच्या काळात प्रत्येक गल्लीत एक असायचा. “विंडोज टाकून दे, ऑफिस टाकून दे, फोटोशॉपपण टाक.” सगळं क्रॅक केलेलं. ज्याची किंमत कधी मोजलीच नाही, त्याच्या अटी कोण वाचणार? लिनक्स मोफत आहे म्हटलं तर लोक म्हणायचे, “हेही मोफतच आहे की!” इथे आल्यावर पहिल्यांदा पैसे भरून सॉफ्टवेअर घेतलं, तेव्हा अटींची पानं उलटून पाहावीशी वाटली. अटींवर इथे माणसं भांडतातही. विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. पुढच्या एका वर्षाच्या सुरक्षा अपडेटसाठी इतरत्र एक तर तीस डॉलर भरा, नाहीतर सेटिंग्ज कंपनीच्या क्लाउडवर ठेवा किंवा बक्षिसाचे गुण खर्चा, असे पर्याय होते. युरोपातल्या ग्राहक संघटनांनी लावून धरल्यावर इथल्या घरगुती ग्राहकांना ते वर्ष तसंच मिळालं. कंपनीचं खातं तेवढं लागतं. माझा लॅपटॉप आणि काकांचा लॅपटॉप एकाच वयाचे, एकाच प्रणालीचे. तरी माझ्यावरच्या अटी वेगळ्या आणि त्यांच्यावरच्या वेगळ्या.

पण हे सगळं माझ्या डोक्यात उतरलं ते आजीच्या फाईलमुळे.

आजी शिक्षिका होती. तिने निवृत्तीनंतर आठवणी लिहिल्या, वहीत, जांभळ्या शाईने. २००३च्या सुमारास बाबांनी त्या एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतल्या. पुस्तक काही निघालं नाही. वही पुढे घर बदलताना गेली. उरली ती एक सीडी. मी ती इथे आणली, फाईल उघडली आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा, स्वल्पविरामांचा आणि डॉलरच्या चिन्हांचा खच पडला. जुनं मराठी टंकन पाहिलेल्यांना हे नवीन नाही. तेव्हाचे फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरांची पद्धत, पाळत नव्हते. प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवायची: अर्धा त इथे, काना तिथे. तो फॉन्ट नसेल तर मजकूर म्हणजे निव्वळ कचरा. आणि तो फॉन्ट ज्या सॉफ्टवेअरबरोबर यायचा, त्याला लागायचं डोंगल; संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला लावायचं एक ठोकळ्याएवढं कुलूप. आता ते कुलूप नाही, ते पोर्टही नाही. कंपनीला लिहिलं, उत्तर आलं नाही. लक्षात घ्या, हे सॉफ्टवेअर शंभर टक्के स्वदेशी होतं. माझ्याच आजीचे शब्द, माझ्याच भाषेतले, माझ्याच देशातल्या कुलपात.

शेवटी इंटरनेटवर कोणा अनोळखी माणसाने लिहिलेला एक छोटा प्रोग्राम मिळाला. जुन्या फॉन्टची अक्षरं युनिकोडमध्ये बदलणारा, सोबत तीन परिच्छेदांचं एमआयटी लायसन्स. चालवला आणि आजी बोलायला लागली. जवळजवळ. तो मूळचा हिंदीसाठी केलेला होता, त्यामुळे आपला तो पापणीसारखा र त्याच्या तक्त्यात नव्हताच. ‘दुसऱ्या’चं ‘दुसया’, ‘पायऱ्या’चं ‘पायया’, ‘बिचाऱ्या’चं ‘बिचाया’. दीडशे पानांत अशी शेकडो ठिकाणं. मग मी तो तक्ता उघडला. प्रोग्रामिंग येत नसलं तरी कोष्टक वाचता येतं. कुठलं चिन्ह गळतंय ते शोधायला दोन संध्याकाळ लागल्या, आणि दुरुस्ती होती दोन ओळींची. बदल मूळ माणसाला पाठवला. चार दिवसांनी त्याने तो घेतला आणि इंग्रजीत विचारलं, हा र मराठीत वेगळा का लिहितात? त्याला ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक सांगताना मला फार मजा आली.

काकांना हा सगळा किस्सा सांगितला. त्यांचा प्रश्न खात्यात मुरलेल्या माणसाचा होता: “आणि त्या अनोळखी माणसाने उद्या दुकान बंद केलं तर? बिघडलं तर धरायचं कोणाला?” प्रश्न रास्त आहे. लायसन्समध्येच लिहिलेलं असतं, कसलीही हमी नाही. २०२४च्या मार्चमध्ये एक्सझेड या, असंख्य संगणकांत बसलेल्या छोट्याशा घटकात कोणीतरी चोरदरवाजा बसवल्याचं उघड झालं. तो घटक सांभाळणारा मूळ माणूस जवळजवळ एकटा आणि थकलेला होता. आंद्रेस फ्रॉइंट या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याची खुटखुट लागली, म्हणून ते सापडलं. हा अभियंता मायक्रोसॉफ्टचा नोकर, हे त्यातलं खारट-गोड. जर्मन सरकारने २०२२पासून अशा घटकांची देखभाल करणाऱ्यांना पैसे द्यायला एक निधी सुरू केला आहे. आपल्या स्वदेशीच्या चर्चेत मला हा विषय हवा आहे: जे आपण रोज वापरतो, त्याच्या डागडुजीचे पैसे कोण देतंय? कोडवर तिरंगा लावायचाच असेल तर मी तो इथे लावेन.

काकांना हे पटलं की नाही, कळलं नाही. ते म्हणाले, “आधी आईची फाईल पाठव.” पाठवली.

पुढच्या रविवारी फोन नेहमीपेक्षा लवकर आला.

“पान नव्वद. तिने मला ‘तहेवाईक’ म्हटलंय.”

मी फाईल उघडली. खरंच होतं. नियम लिहिताना मी फक्त ‘य’चा विचार केला होता, त्या रपुढे ‘ह’ही येतो, हे डोक्यातच आलं नव्हतं.

“काका, ते ‘तऱ्हेवाईक’ आहे.”

“ते मला कळतंय गं. म्हटलंय ते राहू दे. पण नीट तरी लिहा.”