खुलासा: ओहायोने कोणताही विमा कायदा रद्द केलेला नाही

‘अमेरिकेत विमा कंपन्यांना वेसण घालणारा कायदा झाला होता, तो ओहायो राज्याने रद्द केला’ असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे. मुळात असा कायदा झालाच नव्हता, मग रद्द काय करणार?

‘अमेरिकन लॉ इन्स्टिट्यूट’ ही 1923 पासूनची न्यायाधीश, वकील आणि प्राध्यापकांची खासगी संस्था. न्यायालयांच्या निकालांतून घडलेला कायदा ती ‘रीस्टेटमेंट’ नावाच्या ग्रंथांत सूत्ररूपाने मांडते. न्यायाधीश त्याचा आधार घेतात, पण तो त्यांच्यावर बंधनकारक नसतो. दायित्व विम्यावरचा, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई देणाऱ्या विम्यावरचा, असा ग्रंथ 2018 मध्ये मंजूर झाला. फिरत्या मजकुरातला ‘कायदा’ तो हाच.

या ग्रंथावरून झालेल्या वादाचं एक मूळ त्याच्या मसुद्यात होतं. पॉलिसीतल्या शब्दांचा सरळ अर्थच अंतिम, की पॉलिसीबाहेरचा पुरावाही बघायचा? आधीच्या मसुद्यात बाहेरच्या पुराव्याला बरीच वाट होती. विमा कंपन्यांनी ओरड केली, 2017 ची अंतिम मंजुरी वर्षभर लांबली आणि तो भाग पुन्हा सरळ अर्थाकडे झुकवला गेला. तरी विरोध थांबला नाही. कायदा ‘आहे तसा’ सांगण्याऐवजी ‘असावा तसा’ लिहिला, हा मुख्य आक्षेप. तो अगदीच बिनबुडाचा नाही, पण त्यामागे कंपन्यांचा स्वार्थही होताच.

ओहायोच्या विधिमंडळाने 2018 मध्ये एवढंच म्हटलं: हा ग्रंथ म्हणजे आमच्या राज्याचं सार्वजनिक धोरण नव्हे आणि न्यायालयांनी त्याची दखल घेणं योग्य नाही. शब्द कडक आहेत, पण त्याने विमाधारकाचा एकही वैधानिक हक्क गेलेला नाही.

आणि हो, आपल्याकडच्या गाड्यांच्या थर्ड पार्टी विम्याशी याचा काडीचाही संबंध नाही. तो मोटार वाहन कायद्याने चालतो.