खुलासा : रिकामे बाक आणि गणपूर्ती

‘निम्मे आमदार हजर नसतील तर विधानसभेचं कामकाज बेकायदेशीर’ हा मजकूर रिकाम्या बाकांच्या फोटोसह फिरतोय. परवा मीही तो पुढे पाठवला. चूक माझीच.

नंतर राज्यघटनेचं कलम १८९ काढून वाचलं. गणपूर्तीला, म्हणजे कामकाज चालवायला लागणाऱ्या किमान हजेरीला, एकूण सदस्यांचा एक दशांश किंवा १०, यांतला मोठा आकडा लागतो. म्हणजे महाराष्ट्रात २८८ पैकी २९. गोव्यात ४० चा दशांश ४ येतो, तरी १० हवेतच. तेवढे नसतील तर अध्यक्षांनी सभागृह तहकूब करायचं किंवा गणपूर्ती होईपर्यंत कामकाज थांबवायचं.

रिकाम्या बाकांचा राग मलाही येतो, पण तो वेगळा विषय. तो मजकूर कृपया पुढे पाठवू नका. आधी पाठवला असेल तर तिथे हा खुलासा टाका.