‘मेंदूला सूज अशक्त मुलांनाच येते’ हे खरं नाही

नाशिकमध्ये सिडकोपासून पंचवटीपर्यंत पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय: ‘व्हायरल तापात मेंदूला सूज अशक्त मुलांनाच येते, प्रतिकारशक्ती वाढवा. दोष जनुकांत असता तर घराण्यात आधी कुणाला झाला असता. आणि जनुकांतच असेल तर औषध काय करणार?’ यातला शेवटचा प्रश्न मुलाच्या जिवावर बेतू शकतो, म्हणून हे लिहितेय.

ओठांवर पुळ्या आणणारा हर्पीसचा विषाणू बहुतेकांच्या अंगात असतो. मेंदूत तो फार थोड्यांच्या शिरतो, आणि त्यातली बरीच मुलं तोवर ठणठणीत असतात. पॅरिसचे संशोधक झाँ-लोराँ कासानोव्हा यांच्या गटाने २००६ आणि २००७ मध्ये अशा काही मुलांत यूएनसी९३बी१ आणि टीएलआर३ या जनुकांतले दोष दाखवले. विषाणूची चाहूल लागताच पेशीने इंटरफेरॉन (विषाणूला रोखणारं प्रथिन) सोडायचं, ही साखळी या दोषांमुळे तुटते. पुढे रुग्णांच्याच पेशींपासून प्रयोगशाळेत चेतापेशी वाढवल्या, तेव्हा त्या विषाणूपुढे हतबल ठरल्या. उणीव मेंदूच्या पेशींत आहे. इतर जंतूंशी ही मुलं नीट लढतात. काढ्याने ही उणीव भरून निघत नाही आणि रक्ताच्या साध्या रिपोर्टात दिसतही नाही.

घराण्याचं म्हणाल, तर यूएनसी९३बी१चा दोष आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो. दोघंही निरोगी असतात. टीएलआर३चा दोष एकाच पालकाकडून आला तरी पुरतो, पण तोच दोष आणि तोच विषाणू असलेल्या नातेवाइकांना काहीही झालेलं नव्हतं. तेव्हा ‘आमच्यात कुणाला नाही’ हा दिलासा पोकळ आहे, आणि सुनेच्या माहेरावर बोट ठेवणं तर सरळ अन्याय आहे. (हे निष्कर्ष हर्पीसचे आहेत, चांदीपुरा किंवा जपानी मेंदूज्वराला ते जसेच्या तसे लावू नयेत.)

आता औषध. हर्पीसच्या मेंदूदाहात, म्हणजे मेंदूच्या सुजेत, उपचाराविना १०० पैकी सुमारे ७० रुग्ण दगावतात. शिरेतून अ‍ॅसायक्लोव्हिर वेळेत मिळालं तर हा आकडा २०-३०वर येतो, आणि जनुकदोष असलेल्या मुलांनाही तेच औषध देतात. जनुकांच्या रिपोर्टाची वाट कुणी पाहत नाही, संशय आला की सुरू करतात.

तापात मूल बरळू लागलं, ओळखेनासं झालं, झटके आले किंवा एक बाजू ढिली पडली तर त्याच तासाला दवाखाना गाठा. डॉक्टर पाठीतलं पाणी तपासायचं म्हणाले तर ‘मूल लुळं पडेल’ या भीतीने सही अडवू नका. सुई कमरेत खाली टोचतात. मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो.