औंधचा हेन्री मूर औंधातच राहू द्या

परवा एका लग्नात पंगतीला शेजारी एक गृहस्थ होते, चित्रांचे जाणकार. म्हणाले, "तुमच्या औंधसारख्या आडगावातल्या संग्रहालयात रविवर्म्याची चित्रं आणि हेन्री मूरसारख्या इंग्रज शिल्पकाराचं शिल्प ठेवून उपयोग काय? मुंबईला हलवा, चार माणसं बघतील तरी." पानात गरम जिलबी होती, म्हणून गप्प बसलो. आता लिहितो.

सातारा जिल्ह्यातल्या औंध संस्थानच्या राजांना, बाळासाहेब पंतप्रतिनिधींना, आपण सूर्यनमस्कारांसाठी ओळखतो. जरा जास्त वाचलेला माणूस 1939 ची औंधची राज्यघटनाही सांगेल. राजाने आपणहून सत्ता प्रजेच्या हाती दिली, आणि त्यात गांधीजींचा सल्ला होता. पण हा माणूस स्वतः चित्रकार होता, रामायणाचे प्रसंग त्याने हाताने रंगवले. शिवाय कीर्तनकार! मला यातलं कीर्तनच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. श्रोते जिथे जमतात तिथे जाऊन उभं राहायचं, हे कीर्तनकाराला कुणी शिकवावं लागत नाही. 1938 साली त्यांनी श्री भवानी संग्रहालय बांधलं ते राजवाड्यात नव्हे, यमाईच्या डोंगरावर. निम्म्या महाराष्ट्राची कुलदेवी तिथे. खण-नारळ घेऊन चढणारा माणूस उतरताना चित्रं बघून जाईल, असा हिशेब असावा. हे माझं अनुमान हं, पण जागा बघितलीत की तुम्हालाही पटेल.

आत रविवर्मा आहे, चित्रकार धुरंधर आहेत, जुनी लघुचित्रं, युरोपातल्या नामवंत चित्रांच्या नकला, हस्तिदंतावरचं आणि चंदनातलं कोरीवकाम. छोट्या संस्थानाच्या राजाने किती हौसेने जमवलं असेल! आणि हेन्री मूरचं 'आई आणि मूल' हे शिल्प.

आमच्या शाळेची सहल औंधला गेली होती. देवीचं दर्शन, डबा, सामुदायिक फोटो, आणि "चला, गाडी सुटेल." संग्रहालयाच्या दारावरून आम्हाला रांगेने खाली आणलं. आत पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा मी बत्तिशी ओलांडली होती, आणि तेही मावशीला कुलदेवीला न्यायचं होतं म्हणून.

मावशी चौथी शिकलेली. रविवर्म्याच्या बाईपुढे थांबली आणि आधी लुगड्याचा काठ निरखला. "जर बघ कशी उठलीय," म्हणाली. चित्राला हात लावू नये म्हणून दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले होते, प्रसादाची पिशवी बोटांत लोंबत होती. मूरच्या शिल्पापाशी मी जरा घाबरलोच. ही आता हसणार. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "दागिना न्हाई, नक्षी न्हाई. पर माय हाय, एवढं कळतंय."

मुंबईच्या दालनात मावशी कधी गेली असती? मुंबईकरांना बघायला पुष्कळ आहे. त्यांनी साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर यावं की! रस्ता आहे, एसटी आहे, वर देवीचं दर्शन फुकट.

त्या गृहस्थांनी पंगतीतच नंबर दिला होता. काल फोन केला. नवरात्राआधी येतो म्हणालेत. मावशीलाही घेतोय, गाडीत अजून एक जागा आहे.